मोटारीसाठी विवर्धक निवडताना

आकाशवाणीवरून जे काही आपण ऐकता, ते आपल्या कानांपर्यंत पोहोचण्यापूर्वी एका उपकरणातून जात असते. ध्वनिक्षेपकासमोर उच्चारलेल्या शब्दापासून निर्माण होणारा विद्युत्‌प्रवाह अत्यंत क्षीण असतो. स्पीकरचा पडदा हलविण्याचे सामर्थ्य त्याच्यात नसते. मूळ रूप न बिघडवता त्याला बळ देणारे जे उपकरण, त्याला शास्त्रीय परिभाषेत विवर्धक म्हणतात. बाजारात मात्र ते अँप्लिफायर किंवा नुसते 'अँप' या नावानेच मिळते. हा विवर्धक मोटारीत बसवावयाचा असेल, तर तो कसा निवडावा, याचा विचार आज आपण करणार आहोत.

विषय वरवर पाहता हौशी लोकांचा वाटेल. परंतु हौसेच्या वस्तूंतच माणूस अधिक फसतो. धान्य घेताना आपण मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो; विवर्धक घेताना खोक्यावर छापलेला आकडा वाचतो आणि पैसे मोजतो. शिवाय येथे केवळ पैशांचाच प्रश्न नाही. चुकीच्या तारेने जोडलेला विवर्धक मोटारीला आग लावू शकतो, आणि अविवेकाने वापरलेला विवर्धक कानांचे कायमचे नुकसान करू शकतो.

या विवेचनासाठी मी चेन्नई शहराचे उदाहरण घेणार आहे, आणि त्याला कारणे आहेत. 1961 पासून 'स्टँडर्ड हेरल्ड' ही मोटार याच शहराच्या परिसरात तयार होत असे. पुढे 1998 च्या सुमारास श्रीपेरुंबुदूरला ह्युंदाईचा कारखाना चालू झाला आणि देशातील मोटारउद्योगाचे एक मोठे केंद्र म्हणून चेन्नईचे नाव झाले. दुसरे कारण असे की, भारतातील नभोवाणीच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक याच शहरात झाला. मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबने 31 जुलै 1924 रोजी तेथे प्रक्षेपण सुरू केले. त्या क्लबचा पहिला प्रक्षेपक अवघ्या 40 वॅटचा होता; नंतर तो 200 वॅटचा झाला. आज त्याच शहरातील दुकानात आपण गेलो, तर एका लहान मोटारीत मावणाऱ्या डब्यावर '2000 वॅट' असे ठळक अक्षरांत लिहिलेले आढळते. रेडिओलहरींचे वॅट आणि ध्वनीसाठी खर्च होणारे वॅट यांची तुलना शास्त्रदृष्ट्या काटेकोर नाही, हे मी जाणतो. तरीही शहराला ऐकू जावे म्हणून 40 वॅट आणि चार माणसांना ऐकू यावे म्हणून 2000 वॅट, हे प्रमाण पाहून थोडे थबकावे, एवढे मात्र खरे.

चेन्नईत या वस्तूंचे दोन बाजार प्रसिद्ध आहेत. अण्णा सलई या हमरस्त्यालगतचा रिची स्ट्रीट म्हणजे आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा भाऊ. सुट्या भागांपासून तयार यंत्रांपर्यंत विजेच्या उपकरणांची तेथे दाटी असते. त्याच हमरस्त्याला जोडलेला जनरल पॅटर्स रोड हा मोटारीच्या शोभेच्या आणि सोयीच्या वस्तूंचा बाजार. दोन्ही ठिकाणी चांगला मालही मिळतो आणि 'नाव मोठे, लक्षण खोटे' असा मालही मिळतो. दोन्ही प्रकारच्या खोक्यांवर आकडे सारखेच मोठे असतात. तेव्हा आकडा वाचावा कसा, हे प्रथम पाहू.

मोटारीत कंपनीकडून आलेला जो रेडिओ असतो, त्याच्या आतही एक छोटा विवर्धक असतोच. पुष्कळदा त्यावर '50 वॅट गुणिले 4' असे लिहिलेले असते. हे 50 आले कोठून? इंजिन चालू असताना मोटारीच्या विजेचा दाब अधिकात अधिक सुमारे 14.4 व्होल्ट असतो आणि नेहमीच्या स्पीकरचा अवरोध 4 ओहम असतो. 14.4 चा वर्ग करून त्याला 4 ने भागले की उत्तर जवळजवळ 52 येते. पण ही झाली लाटेच्या शिखरावरची, निमिषमात्र टिकणारी शक्ती. अखंड स्वरासाठी तिच्या निम्मी, म्हणजे 26 वॅट एवढीच मर्यादा उरते. आणि उपकरणातील अपरिहार्य घट वजा जाता प्रत्यक्षात हाती सुमारे 18 ते 20 वॅट येतात. म्हणजे खोक्यावरचे 50 हे अगदीच असत्य नाही, परंतु ते आपल्या उपयोगाचे सत्य नाही. आपल्याला हवा असतो तो सतत देता येणाऱ्या शक्तीचा आकडा. त्याला बाजारात 'आरएमएस' म्हणतात. खोक्यावर 'मॅक्स', 'पीक' किंवा 'पीएमपीओ' अशी अक्षरे असतील, तर तो आकडा वाचलाच नाही असे समजून पुढे जावे.

मग वेगळा विवर्धक घेतल्याने काय साधते? 14 व्होल्टांच्या मर्यादेतून सुटका होते. ही युक्ती जुनी आहे. 1930 साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीतला रेडिओ विक्रीस आणला, त्याचे व्यापारी नाव मोटोरोला. त्या काळच्या रेडिओतील निर्वात नळ्यांना शंभराहून अधिक व्होल्ट लागत आणि मोटारीची बॅटरी असे सहा व्होल्टांची. तेव्हा लवकरच एका थरथरणाऱ्या पट्टीने त्या प्रवाहाचे तुकडे पाडून, रोहित्रातून त्याचा दाब वाढवण्याची व्यवस्था निघाली. आजच्या विवर्धकात पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर आले, आणि ते सेकंदाला हजारो वेळा प्रवाह तोडतात व जोडतात. पण तत्त्व तेच आहे. दाब वाढला की त्याच स्पीकरला अधिक शक्ती देता येते.

परंतु ही शक्ती शून्यातून येत नाही, बॅटरीतून येते. येथेच खोट्या आकड्याची परीक्षा करण्याचा एक सोपा उपाय आपल्या हाती लागतो. विवर्धकावर जो फ्यूज बसवलेला असतो, त्यावरचा अँपिअरचा आकडा वाचावा. समजा, तो 30 आहे. 30 ला 14 ने गुणले की 420 वॅट झाले. याहून अधिक शक्ती तो डबा सतत ओढूच शकत नाही. त्यातही जुन्या 'एबी' वर्गाचा विवर्धक असेल, तर घेतलेल्या विजेपैकी सुमारे 60 टक्केच स्पीकरला देतो. म्हणजे राहिले 250 वॅट. नव्या 'डी' वर्गाचा असेल, तर 80 ते 85 टक्के देतो. म्हणजे फार तर 350. आता खोक्यावरचे 2000 पुन्हा वाचावे. दुकानदाराशी हुज्जत घालण्याची आवश्यकता नाही. तेथल्या तेथे गुणाकार करावा आणि पुढचे दुकान गाठावे. ज्या खोक्यावर 'सीईए-2006' किंवा 'सीटीए-2006' या अमेरिकन प्रमाणाचा उल्लेख असेल, त्याचा आकडा पुष्कळसा विश्वसनीय मानावा. त्यातील 2006 हा प्रमाणाचा क्रमांक आहे, वर्ष नव्हे. 14.4 व्होल्ट, 4 ओहम आणि एक टक्क्याहून अधिक विकृती नाही, अशा ठरलेल्या अटींवर ते मोजमाप होते.

दुसरा प्रश्न असा की, खरोखर किती शक्ती लागते? येथे आपले कान आपल्याला वेगळाच हिशोब शिकवतात. शक्ती दुप्पट केली की आवाज दुप्पट होत नाही. 50 वॅटचे 100 केले तर फरक पडतो तीन डेसिबलचा, आणि तो कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटावा म्हणून शक्ती सुमारे दसपट करावी लागते. याउलट, एकाच शक्तीत तीन डेसिबल अधिक आवाज देणारा स्पीकर निवडला, तर विवर्धकाची शक्ती दुप्पट केल्याचे फळ कोणताही वेगळा खर्च न करता मिळते. म्हणून आधी स्पीकर आणि मग विवर्धक, हा क्रम. स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' म्हणून जो डेसिबलचा आकडा असतो, तो पाहावा. आधी मोठा विवर्धक घेऊन नंतर त्याला शोभतील असे स्पीकर शोधणे, म्हणजे आधी कळस मग पाया.

वस्तुतः मोटारीत साधारण आवाजात गाणे ऐकताना सरासरीने दोन-तीन वॅटच खर्च होत असतात. मग 50 वॅट तरी कशाला? त्याचे उत्तर चेन्नईच्या संगीतात सापडते. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, हे शहर संगीतमय होते. तेथील कचेरीत गायकाची आलापना संथपणे चालते आणि नंतर मृदंगाचे 'तनि आवर्तनम्' सुरू होते. मृदंगाची थाप ही क्षणभराची असते, पण त्या क्षणी ती सरासरी आवाजाहून पुष्कळ वर उसळते. ती 13 डेसिबलनी वर गेली, तर त्या क्षणापुरती वीसपट शक्ती हवी. तीन वॅटचे साठ झाले. विवर्धकाजवळ तेवढी शिल्लक नसेल, तर तो लाटेचे शिखर सपाट कापून टाकतो. मग थापेचा नाद जातो आणि नुसता फटका उरतो. या वाद्याच्या चामड्यावर मधोमध दिलेल्या शाईच्या लेपामुळे त्याचे उपस्वर सुरेल प्रमाणात येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली एका सहकाऱ्यासमवेत 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या टिपणात मांडले होते. रामन हे मद्रासच्याच प्रेसिडेन्सी महाविद्यालयाचे विद्यार्थी. लाटेचे शिखर कापले गेले की नेमकी ही सुरेलता बिघडते, कारण मुळात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात. हीच गोष्ट आपल्या तबल्याची आणि पखवाजाची. शिवाय, कापलेल्या लाटेतील तीव्र स्वरांमुळे उंच आवाजाचे नाजूक स्पीकर जळतात. म्हणून ध्यानात ठेवावे की, शिल्लक शक्ती ही मोठ्याने ऐकण्यासाठी नसून स्वच्छ ऐकण्यासाठी आहे. चारही दारांच्या स्पीकरांना प्रत्येकी 50 ते 75 वॅट आरएमएस देणारा चार वाहिन्यांचा विवर्धक बहुतेक कुटुंबांना पुरेसा होतो.

आता विवर्धकाहून कमी आकर्षक, परंतु अधिक महत्त्वाच्या वस्तूकडे, म्हणजे तारेकडे वळू. विवर्धक डिकीत आणि बॅटरी बॉनेटखाली. मध्ये पाच मीटरचे अंतर. 40 अँपिअरचा प्रवाह 4 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून नेला, तर वाटेतच पाऊण व्होल्टाहून अधिक दाब गळतो आणि सुमारे 34 वॅट शक्ती तार तापवण्यात जाते. गालिच्याखाली दडलेली ती तार तापते, हे कोणाला दिसत नाही. तीच तार 16 चौरस मिलिमीटरची असेल, तर ही हानी चौथ्या हिश्शावर येते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्तात मिळते. ती दिसायला तांब्यासारखी, पण तिचा अवरोध जवळजवळ दीडपट असतो. तारेचे टोक खरवडून पाहावे. आत पांढरी चमक दिसली की ओळख पटली. आणि एक नियम कधीही मोडू नये: बॅटरीपासून दोन वितींच्या आत तारेवर स्वतंत्र फ्यूज असलाच पाहिजे. विवर्धकावरचा फ्यूज विवर्धकाचे रक्षण करतो. बॅटरीजवळचा फ्यूज मोटारीचे आणि तीत बसलेल्या माणसांचे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथेही लागू पडते. वीज निर्माण करणाऱ्या अल्टरनेटरवर वातानुकूलन, दिवे, वायपर यांचा भार आधीच असतो. पावसाळ्याच्या रात्री अण्णा सलईवरच्या कोंडीत मोटार उभी आहे, इंजिन मंद चालले आहे, आणि हे सारे एकाच वेळी चालू आहे, अशी कल्पना करा. इंजिन मंद असताना अल्टरनेटरही कमीच वीज देतो. उरलेली बॅटरीतून जाते आणि सकाळी मोटार चालू होत नाही. विजेच्या मोटारीत अल्टरनेटर नसतो. मुख्य बॅटरीतून दाब उतरवून 12 व्होल्टांची छोटी बॅटरी भरली जाते. तेथे तर कंपनीची मर्यादा विचारल्याशिवाय काहीच जोडू नये.

यानंतर हवामान. चेन्नईत 2003 सालच्या मे महिन्याच्या अखेरीस तापमान 45 अंशांपर्यंत गेले होते. तेथे मे महिन्यातील कडक उन्हाच्या दिवसांना 'अग्निनक्षत्रम्' असे नावच आहे. बंद करून उन्हात ठेवलेल्या मोटारीच्या आत याहूनही पुष्कळ अधिक उष्णता साचते. स्पीकरला 200 वॅट देताना 'एबी' वर्गाचा विवर्धक सुमारे 130 वॅटची उष्णता स्वतःच बाहेर टाकतो. 'डी' वर्गाचा 35 ते 50 वॅटची. त्याच्या आतील विद्युत्‌संचायकांचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीमागे जवळजवळ निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. तेव्हा आपल्या उष्ण प्रदेशात 'डी' वर्गच निवडावा हे उत्तम. आणि तो गालिच्याखाली न दडवता भोवती वारा खेळेल अशा जागी बसवावा. चेन्नई, मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा समुद्रकाठच्या गावी खारट हवेने जोड हिरवे पडतात. तेथे वर्षातून एकदा ते उघडून स्वच्छ करणे अगत्याचे आहे.

पाण्याचाही विचार हवा. विवर्धक सीटखाली बसवण्याची पद्धत सर्वत्र आहे, कारण तेथे जागा सहज मिळते. परंतु 2015 च्या डिसेंबरात अड्यार नदीला पूर आला आणि 2023 च्या डिसेंबरात मिचाँग वादळाचा पाऊस कोसळला, तेव्हा चेन्नईच्या कित्येक वस्त्यांत उभ्या मोटारींच्या आत पाणी शिरले. 2024 च्या ऑक्टोबरात मुसळधार पावसाचा नुसता इशारा मिळताच वेळचेरीच्या रहिवाशांनी आपल्या मोटारी उड्डाणपुलावर नेऊन उभ्या केल्या होत्या. 26 जुलै 2005 ची मुंबई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. मोटारीत शिरलेले पाणी प्रथम सीटखालीच साचते. म्हणून अशा गावी विवर्धक डिकीत, मागच्या सीटच्या पाठीवर, जमिनीपासून उंच बसवलेला बरा. तार थोडी अधिक लागेल, पण यंत्र वाचेल.

आता प्रत्यक्ष निवड. दुकानात ऐकवतात ती दणदणीत गाणी ऐकून निर्णय करू नये. दणदणाटात सर्व दोष झाकले जातात. आपल्या परिचयाची तीन ध्वनिमुद्रणे बरोबर न्यावी. पहिले, जिच्यात प्रारंभी केवळ तंबोरा वाजतो अशी एखादी ख्यालाची किंवा कर्नाटक संगीताची बैठक. ती अगदी कमी आवाजात, इंजिन चालू ठेवून ऐकावी. तंबोऱ्यामागे सूं असा आवाज येत असेल आणि इंजिनाचा वेग वाढवताच तोही चढत असेल, तर जोडणीत, बहुधा अर्थिंगमध्ये, दोष आहे. दुसरे, मृदंगाचे किंवा पखवाजाचे वादन. थापेचा नाद घुमून सावकाश विरतो का, की नुसताच आदळतो, हे पाहावे. तिसरे, टाळांच्या साथीचा अभंग. अभंग ऐकण्यासाठी चेन्नईत मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. तमिळ भजनपरंपरेत मराठी अभंगांना मानाचे स्थान आहे, आणि अरुणा साईराम यांच्यासारख्या विदुषींनी ते कचेरीच्या मंचावर लोकप्रिय केले आहेत. टाळांचा झणत्कार कानाला गोड लागला तर ठीक. तो काचेसारखा टोचला, तर लाट कोठेतरी कापली जात आहे असे समजावे. विवर्धकावर 'गेन' नावाची जी कळ असते, ती आवाज वाढवण्याची नव्हे. रेडिओ आणि विवर्धक यांचा मेळ घालण्याची आहे. ती शेवटपर्यंत फिरवून 'पाहा किती ताकद आहे' असे सांगणाऱ्या मिस्त्रीपासून सावध असावे.

नव्या मोटारींत रेडिओ पडद्याशी आणि इतर यंत्रणेशी जोडलेला असतो. तेव्हा मूळ तारा कापू न देता त्या मोटारीसाठी मिळणारा जोड वापरण्याचा आग्रह धरावा, नाहीतर हमीचा प्रश्न उपस्थित होतो. आणि अंदाजपत्रकातील काही रक्कम दारांच्या आतील अस्तरासाठी अवश्य ठेवावी. रस्त्याच्या घरघराटात तंबोरा बुडून जातो, त्यावर आवाज वाढवणे हा खरा उपाय नाही. घरघराट कमी करणे हा आहे.

श्रोतेहो, हे सारे केल्यानंतर जे सामर्थ्य आपल्या हाती येते, त्याचा उपयोग कसा करावा, हे शेवटी आपल्यावरच आहे. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास, ही कानांच्या सुरक्षिततेची एक सर्वमान्य मर्यादा. पुढे दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला ती अवघ्या पंधरा मिनिटांवर येते. बंद मोटारीत 100 डेसिबल गाठणे चांगल्या विवर्धकाला मुळीच अवघड नाही. मागच्या सीटवरील लहान मूल मात्र ती कळ फिरवू शकत नाही. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू न येण्याइतका आवाज हा तर दुसऱ्याच्या प्राणाशी खेळ आहे. आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे, याची आठवण काच खाली करताना असावी.

चांगला विवर्धक आपले अस्तित्व जाणवू देत नाही. जे गायकाने गायले तेच, तेवढेच, तो आपल्यापर्यंत आणून पोहोचवतो. आपले स्वतःचे त्यात काही मिसळत नाही. असा विवर्धक ओळखता यावा म्हणून खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवून फ्यूज, तार आणि आपले कान, या तीन साक्षीदारांवर विश्वास ठेवावा, एवढेच माझे सांगणे आहे.